कासव माझ्यामुळे मेलं का?

या वेळचं पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देते.

"ताई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्याला पर्यावरणावरच्या पाच पुस्तकांचा सेट गिफ्ट मिळाला. त्यातल्या एकात एक समुद्री कासव प्लॅस्टिकची पिशवी जेलीफिश समजून गिळतं आणि मरतं, आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की पृथ्वीला वाचवणं आता तुझ्या हातात आहे. तीन आठवडे झाले, हा रात्री उठून बसतो. घरातलं एकही रॅपर कचऱ्यात टाकू देत नाही, उशीखाली साठवतो. परवा विचारलं, आई, मी बाळ असताना टाकलेलं रॅपर त्या कासवाने खाल्लं असेल का गं? मला काही सुचलंच नाही. नवरा म्हणतो सत्य कळायलाच हवं, आणि बोलणाऱ्या सशाच्या गोष्टी म्हणजे नुसत्या थापा, त्या बंद कर. सासूबाई म्हणतात ही असली पुस्तकं माळ्यावर टाक आणि त्याला सशाच्याच गोष्टी वाचून दाखव. मी मधल्या मध्ये. पुस्तकं लपवू का? आणि मग वाचायला द्यायचं तरी काय?"

अगं, आधी उशीखालच्या रॅपर्सचं बघू, पुस्तकांकडे नंतर येते.

त्याने जे विचारलंय ना, त्याला "छे रे, असं काही नसतं" हे उत्तर अजिबात देऊ नकोस. त्याने चित्र बघितलंय, असं असतं हे त्याला कळलंय, मग तू नाही म्हणालीस की तो तुझ्यावरचा विश्वास कमी करेल, काळजी काही कमी करणार नाही. सरळ सांग की तुझंच रॅपर असण्याची शक्यता अगदीच कमी आहे, पण कचरा समुद्रात जातो हे खरंय, आणि तो जातो कारण मोठ्या माणसांनी नीट व्यवस्था लावलेली नाही, ते काम मोठ्या माणसांचं आहे आणि बरीच मोठी माणसं ते रोज करतात. बास. लेक्चर नको. मग ती रॅपर्स उशीखालून काढून दोघांनी मिळून एका डब्यात भरा, डबा भरला की कचऱ्यात टाकायचं काम तू कर, त्याच्यासमोर. तो डबा त्याने रिकामा करायचा नाही, तो तुझ्या खात्यात. ऐकायला फार किरकोळ वाटेल पण सात वर्षांच्या मुलाला "हे माझ्याकडून काढून घेतलं" हे डोळ्यांनी दिसावं लागतं, नुसतं बोलून चालत नाही. आणि अजून दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा शाळेत जायला नको म्हणायला लागला, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखव, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आता पुस्तक.

तुझ्या पत्रावरून मला जे दिसतंय ते असं की गडबड कासव मरतं त्या पानात नाहीये, गडबड शेवटच्या पानात आहे. गोष्टीत प्राणी मेला तर मुलं रडतात, दोन दिवस विचारत राहतात, आणि त्यातून बाहेर येतात, ते काही वाईट नाही. पण "आता हे तुझ्या हातात आहे" म्हणजे काय? ज्याला अजून बुटाची लेस नीट बांधता येत नाही त्याच्या हातात आख्खी पृथ्वी? लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, मुलांना सक्षम वगैरे करायचं असणार, पण मूल त्याचा अर्थ उलटा लावतं, की माझ्या हातात आहे म्हणजे बिघडलं तर माझ्यामुळे. तुझ्या मुलाने अगदी तेच केलंय आणि लॉजिक म्हणून ते बरोबरच आहे.

रेचेल कार्सन हे नाव तू ऐकलं असशील. कीटकनाशकांच्या बेसुमार वापरावर १९६२ मध्ये तिने जे पुस्तक लिहिलं त्याने अमेरिका हादरली होती. त्याच बाईने सहा वर्षं आधी, १९५६ मध्ये, एका मासिकात आईबापांसाठी एक लेख लिहिला होता, त्यात ती आपल्या भाचीच्या छोट्या मुलाला, जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांचा असेल, ब्लँकेटमध्ये गुंडाळून वादळी रात्री समुद्रावर घेऊन जाते आणि दोघं अंधारात लाटांचा आवाज ऐकून हसतात. सगळा लेख तसाच आहे, पावसातलं जंगल, खेकडे, शेवाळ, चांदण्या. तिचं म्हणणं असं की मुलाला आधी वाटू दे, माहिती नंतर येते. मला यातली गंमत वाटते ती ही की धोका काय आहे हे तिच्याइतकं कुणाला माहिती होतं? तरी घाबरवायची वेळ आली तेव्हा तिने मोठ्यांना घाबरवलं, त्या पोराला नाही. मुलांसाठी असं पुस्तक हातात घेतलं की मी हेच बघते, यातली भीती नक्की कुणासाठी लिहिलीये.

डेव्हिड सोबेल म्हणून एक अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९९६ मध्ये याच्याही पुढे जाऊन सांगितलं की साधारण चौथीच्या आधी मुलांना पर्यावरणाच्या शोकांतिका शिकवूच नका. मला ते तितकंसं पटत नाही, कारण न शिकवताही मुलं टीव्हीवर, फोनवर, मोठ्यांच्या बोलण्यात सगळं ऐकतातच, आणि घरात जे बोललं जात नाही ते मुलांना जास्त भयंकर वाटतं. म्हणून पुस्तकं लपवू नकोस. माळ्यावर टाकलीस तर तो शोधून काढेल आणि एकटा वाचेल, ते जास्त वाईट. त्याला सांग की हे पुस्तक आपण दोघांनी बसून वाचायचं.

आणि त्या कासवाच्या पुस्तकाचं एक कर. शेवटच्या पानामागे एक कोरा कागद चिकटव. कारण गोष्ट अर्धीच सांगितलीये त्या लोकांनी.

उरलेली अर्धी ऐक. समुद्री कासवाची मादी अंडी घालायला बहुतेक वेळा ती स्वतः जिथे जन्मली त्याच भागातल्या किनाऱ्यावर परत येते, कधीकधी हजारो किलोमीटर पोहून, आणि रस्ता ओळखायला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वापरते, म्हणजे तिच्या डोक्यात होकायंत्रच. वाळू जास्त गरम असेल तर पिल्लांत माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. पिल्लं रात्री बाहेर येतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात, कारण पूर्वी रात्री उजेड असायचा तो समुद्रावरच, आता रस्त्यावरचे दिवे असतात म्हणून ती चुकून उलटी जातात. मग माणसांनी काय केलं, किनाऱ्यावरचे दिवे कमी केले, झाकले, अंड्यांवर रात्रभर पहारे दिले, जाळ्यात अडकलेल्या कासवाला बाहेर पडता येईल अशी झापडं मासेमारीच्या जाळ्यांना बसवली. हे पन्नासेक वर्षं चाललंय आणि फळ लगेच दिसत नाही, कारण हिरव्या कासवाला स्वतः अंडी घालायच्या वयाचं व्हायलाच पंचवीस-तीस वर्षं लागू शकतात, आज वाचवलेलं पिल्लू आई होईपर्यंत वाचवणारा माणूस रिटायर. तरी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हे हिरवं कासव धोक्यातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' मधून निघून थेट सगळ्यात कमी काळजीच्या गटात गेलं. काही काही भागात त्याचं अजूनही अवघड आहे, प्लॅस्टिक तर आहेच, पण एकूण जगाचा हिशोब धरला तर ते सुधारलंय. हे त्याला सांग. आणि मग त्या कोऱ्या कागदावर त्याला जे लिहायचं, काढायचं ते काढू दे.

असं अजूनही आहे सांगण्यासारखं. व्यापारी देवमासेमारीवर १९८६ पासून जागतिक बंदी आली आणि त्यानंतर हंपबॅक देवमासे कितीतरी समुद्रांत वाढले. १९८७ मध्ये ओझोनचा थर वाचवायला करार झाला आणि त्यातलं छिद्र हळूहळू भरतंय. मुलांच्या पुस्तकांत हे का नसतं देव जाणे, बहुतेक रडवणारं पान काढणं सोपं असतं.

आता तुझा नवरा आणि सासूबाई. दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत, हे दोघांनाही सांगू नकोस.

२०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांबद्दलची चित्रांची पुस्तकं वाचून दाखवली, काहींत प्राणी माणसासारखे बोलतात आणि त्यांना माणसासारख्या भावना असतात, काहींत साधी खरीखुरी भाषा. ज्यांनी माणसासारख्या भाषेतली ऐकली ती मुलं प्राण्याबद्दलची खरी माहिती कमी शिकली आणि खरे प्राणी पण असंच बोलतात-वागतात असं जास्त म्हणाली. म्हणजे नवरोबांचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. पण ती मुलं तुझ्या मुलापेक्षा लहान होती, आणि मुळात सगळीच पुस्तकं माहिती द्यायला नसतात. सात वर्षांच्या मुलाला ससा बोलत नाही हे पक्कं ठाऊक असतं, तो फक्त तुला सांगत नाही.

मी एक साधी टेस्ट लावते. गोष्टीतला प्राणी काढून टाकायचा आणि त्याच्या जागी बंटी ठेवायचा. गोष्ट तशीच्या तशी चालली, बंटी खोटं बोलला, बंटीला धडा मिळाला, तर ते प्राण्याचं पुस्तक नाहीच, शेपूट लावलेल्या माणसाचं आहे. वाचा की मजेत, फक्त त्याला निसर्गाचं पुस्तक म्हणू नका. आणि बंटी ठेवल्यावर गोष्ट कोलमडली, म्हणजे नाकाने वास घेत वाट काढायची होती, हिवाळाभर झोपायचं होतं, कात टाकायची होती आणि बंटीला ते जमेना, तर तो प्राणी बोलला तरी चालेल माझं काही म्हणणं नाही.

खरा त्रास मला वेगळ्याच गोष्टीचा होतो, लांडगा दुष्ट, कोल्हा लबाड, घुबड अशुभ नाहीतर एकदम पंडित, गाढव मूर्ख. मूल मोठं होतं आणि लांडगा म्हटलं की त्याला वाईटच वाटतो, आणि प्रत्यक्षात लांडगा हा कुटुंब करून राहणारा प्राणी, पिल्लांना सगळे मिळून भरवतात. त्यात आपला तो कोल्हा पण भलताच. परदेशी गोष्टीतलं लाल झुपकेदार शेपटीचं जे जनावर असतं त्याला मराठीत खोकड म्हणतात, कोल्हा वेगळा. पण अनुवादात दोघं एक झाले ते झालेच, आता खोकड म्हटलं तर मुलं म्हणतात आजोबांना झालाय तो का.

हो, अनुवादावरून आठवलं, चुका. निसर्गाच्या पुस्तकांत भरपूर चुका असतात आणि गुळगुळीत कागदावर छापलं की आपल्याला खरंच वाटतं. ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच बर्फावर शेजारी शेजारी, एक राहतो उत्तरेला, दुसरा दक्षिणेला, आयुष्यात भेट नाही. कोळ्याला सहा पाय. किड्याचे पाय पोटाला, ते असतात छातीच्या भागाला, सहाच्या सहा. बिबट्याच्या चित्राखाली चित्ता, हे तर मी इतक्यांदा पाहिलंय, चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ असते, बिबट्याचे ठिपके गुलाबाच्या फुलासारखे तुटक गोल. शहामृग वाळूत डोकं खुपसतं हे मी स्वतः माझ्या भाचीला ठासून सांगितलं होतं, पुस्तकात वाचूनच, तिने दोन वर्षांनी येऊन मला जाहीर खोटं पाडलं. ते जमिनीतल्या घरट्यातली अंडी चोचीने फिरवायला वाकतं, किंवा घाबरलं की मान जमिनीला टेकवून पडून राहतं, लांबून डोकं गायब दिसतं.

१९६९ मधलं ते जगप्रसिद्ध भुकेल्या अळीचं चित्रपुस्तक आहे ना, त्यात फुलपाखरू ज्यातून बाहेर येतं तो शब्द पतंगाने विणलेल्या रेशमी कोशाचा आहे, फुलपाखराच्या कडक आवरणाला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, त्यावरून तिकडे मुलं-शिक्षक अजून वाद घालतात. मराठीत दोन्हीला कोशच, त्यामुळे आपण आपोआप सुटलो. पण आपण दुसरीकडे अडकतो, दिसेल त्या अळीला सुरवंट म्हणतो, सुरवंट म्हणजे ती केसाळ, अंगाला खाज आणणारी. आणि एक मजा सांगू, मधमाशी आणि मुंगी मराठीत बाई आहेत ते अगदी बरोबर आहे, फुलाफुलांवरून पराग गोळा करणाऱ्या आणि रांगेत चालणाऱ्या सगळ्या माद्याच. डासाच्या बाबतीत व्याकरण गंडलंय, चावते ती मादी.

तर चुका सापडल्या म्हणून पुस्तक फेकायचं नाही, पेन्सिल द्यायची. नवरोबांना या कामाला बसव, त्यांना सत्याची एवढी आवड आहे तर बाप-लेकांनी मिळून सेटमधली पाचही पुस्तकं तपासायची, चूक सापडली की शेजारी बारीक अक्षरात बरोबर काय ते लिहायचं. छापलेलं पुस्तकसुद्धा चुकू शकतं हे एकदा त्याला कळलं ना, की शेवटच्या पानावरच्या त्या वाक्याची भीतीही आपोआप थोडी कमी होईल बघ.

नवीन काय द्यायचं. भव्य दिव्य काही नको, वाघ, शार्क, डायनोसॉर ही मुलं स्वतःच शोधतात. तू जवळचं बघ. मुंग्या, कोळी, कावळा, गांडूळ, शेवाळ, भिंतीवरची पाल, पाऊस पडल्यावर मातीचा वास का येतो, पान पिवळं का पडतं. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना कार्डं दाखवली, काहींवर खरे प्राणी-झाडं, काहींवर पोकेमॉन. आठ वर्षांच्या मुलांना जवळपास ८० टक्के पोकेमॉन ओळखता आले आणि आसपासचे खरे जीव निम्म्यापेक्षा कमी. लोक हे वाचून मुलांना नावं ठेवतात, मला उलट वाटतं, एवढी नावं लक्षात ठेवायची ताकद आहे तर आपण त्यांना खऱ्यांची नावं दिली कधी? कार्सनबाई म्हणतात नावाला फार महत्त्व नको, मी म्हणते असू दे थोडं, नाव माहिती असलं की पक्षी ओळखीचा होतो, नाहीतर सगळेच "बर्डी".

दुकानात किंवा लायब्ररीत पुस्तक चाळताना मी तीनच गोष्टी बघते. चित्र बघून तो जीव बाहेर दिसला तर ओळखता येईल का. प्राणी काहीतरी करतोय का, की नुसता गोंडस उभा आहे. आणि शेवटच्या पानावर मुलाला नेमकं काय सांगितलंय. तिथे "वाचव" असलं तर जरा थांबते, "जाऊन बघ" असलं तर घेते. माहितीपर जाड पुस्तक असेल तर छापल्याचं वर्ष पण बघ, पिसांच्या खुणा असलेला डायनोसॉर १९९६ मध्ये जगापुढे आला, त्याआधीच्या पुस्तकांत बहुतेक सगळे टकले आहेत. अर्थात जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तर घ्यायला काय हरकत आहे, पेन्सिल आहेच.

आणि झोपताना पर्यावरणाचं पुस्तक सध्या नको. ते दुपारी, उजेडात, जेणेकरून वाचून झालं की खिडकीत जाता येईल. झोपताना सासूबाईंचा ससा.

शेवटी, एका जागी थोडं कडक बोलते, रागावू नकोस. घरात मोठं कुणी "आता काही खरं नाही, सगळं संपत चाललंय" असं त्याच्यासमोर म्हणतं का ते जरा बघ. पुस्तक एकदा वाचलं जातं, हे रोज ऐकू येतं. तुमच्याकडे नसेलही तसं, पण मी विचारल्याशिवाय राहणार नाही.

कोऱ्या कागदावर तो काय लिहितो ते मला नक्की कळव. शुद्धलेखन दुरुस्त न करता पाठव.